साडूंच्या गाडीचे चार गोल

गाडीच्या मागे काहीही नव्हतं, आणि गाडीचं म्हणणं होतं की आहे.

गाडी आमची नव्हती. ती माझे साडू मनोहरराव यांची. ते सिविल लाइंसमध्ये फ्लॅटात राहतात. लेकीकडे पुण्याला जाताना त्यांनी ती आमच्या चेरीताल मोहल्ल्यातल्या घराच्या अंगणात ठेवली, कारण आमच्या फाटकाला कुलूप लागतं. किल्ली देताना त्यांनी एकच अट घातली होती.

"शरदराव, एक वेळ ओरखडा चालेल. पण इलेक्ट्रॉनिक्सला हात नाही लावायचा."

लावणार नाही, असं मी सांगितलं. तेव्हा ते खरं होतं.

मध्ये दसरा झाला. आईने आमच्या स्कूटरची पूजा केली आणि पाहुणी म्हणून या गाडीचीही केली. मनोहरराव परत येणार त्या दिवशी सकाळी मी गाडी फाटकाजवळ घ्यायला बसलो. रिव्हर्स टाकला आणि गाडीने टाहो फोडला. थांबून थांबून पीं-पीं नव्हे, एकसलग पींऽऽऽ! म्हणजे मागे अगदी खेटून कोणीतरी उभं आहे.

शेजारचे तिवारीजी धावत आले. "रोको, रोको! कोई है क्या पीछे?"

"कोई नहीं है."

"तो चिल्ला क्यों रही है?"

दिवसभर हाच प्रश्न राहिला.

माझी पत्नी सुनंदा कणकेच्या हातांनी बाहेर आली. "अहो, काय केलं तुम्ही?"

"काही नाही. रिव्हर्स टाकला."

"भाऊजी चार वाजता येऊन राहिले! ताई जन्मभर ऐकवेल मला. तिच्या पोरीच्या लग्नात तुम्ही जनरेटर बंद पाडला, ते अजून सांगते ती!"

(जनरेटर आपणहून बंद पडला होता. मी फक्त जवळ उभा होतो.)

माझं आयुष्य बातमीच्या धंद्यात गेलं. ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवायचा नाही, जागेवर जाऊन पाहायचं, ही सवय. मागच्या बंपरवर चार गोल सेन्सर असतात. ते आवाज सोडतात. तो कशावर तरी आपटून परत आला की अंतर कळतं. मोबाइलवरच्या एका व्हिडिओत सांगितलं होतं, की सेन्सर चालू असेल तर कान लावल्यावर टिकटिक ऐकू येते. सुनंदाला आत बसवून मी रिव्हर्स टाकायला लावला आणि गुडघे टेकून एकेका गोलाला कान लावला.

"येऊन राहिली काय टिकटिक?"

"चारही टिकटिकतात!"

"मग?"

"मग दोष आत आहे. सर्किटमध्ये."

सुनंदा उतरून माझ्याकडे पाहत राहिली. "आणि तुमच्या कानाला हे लाल काय?"

"कुंकू," मी म्हणालो आणि डिक्की उघडली.

घरातला मल्टिमीटर काढला. तो मी फ्रिजच्या दुरुस्तीसाठी घेतला होता. (फ्रिज नवा घ्यावा लागला.) डिक्कीचं अस्तर उचकटताना प्लास्टिकच्या क्लिपा तटातट उडाल्या. आत सेन्सरचा डबा आणि त्यात खोचलेल्या वायरी. प्रत्येक वायर तपासली. वीज येत होती, वायर कुठे तुटलेली नव्हती. म्हणजे सगळं ठीक होतं, आणि गाडी बोंबलत होती!

"चूहे ने तार काटा होगा," तिवारीजी म्हणाले. आम्ही उंदीर शोधला. तोही नव्हता.

तेवढ्यात फोन वाजला. मनोहरराव. "शरदराव, स्टेशनवर उतरलो. ऑटो मिळाली. गाडी बरी आहे न?"

"उत्तम!" मी म्हणालो. माझा एक हात तेव्हा तिच्या पोटात कोपरापर्यंत होता.

फोन ठेवून मी पुन्हा वायरींवर तुटून पडलो. बंपरशी आई ओलं फडकं घेऊन काहीतरी पुसत होती. "शरद, काहून एवढा घाबरून राहिला तू? गाडीच आहे न ती," ती म्हणाली. तिच्याकडे लक्ष द्यायला मला वेळ नव्हता. सगळे प्लग मी जीव खाऊन आत दाबले. एक टक् करून आणखी आत गेला.

"सुनंदा! टाक रिव्हर्स!"

शांतता. पूर्ण शांतता.

"अहो, बंद झाली!"

"वाह भाईसाहब! आप तो इंजीनियर निकले!"

"ढिलं कनेक्शन होतं," मी शक्य तितक्या नम्रपणे म्हणालो. मग हेच तिवारीजींना हिंदीतही सांगितलं. अस्तर बसवलं. काही क्लिपा उरल्या, त्या खिशात टाकल्या. आई पूजेचं तबक घेऊन आली. "गाडी परत चालली न, हळद-कुंकू करते. तुझ्या कानानं सारं फिसकटलं होतं."

मनोहरराव आले. चहा आला. दुरुस्तीबद्दल चकार शब्द काढायचा नाही, असं सुनंदाने मला बजावलं होतं. तिवारीजींना कोणी बजावलं नव्हतं.

"भाईसाहब ने आपका पूरा सर्किट ठीक कर दिया!"

मनोहररावांची कपबशी हवेतच थांबली. "सर्किट?"

"ढिलं कनेक्शन," मी म्हणालो. "आता बसा निर्धास्त."

ते उठून गाडीत बसले. रिव्हर्स टाकला. पींऽऽऽ!

सुनंदाने डोळे मिटले. मनोहरराव उतरले, मागे गेले, वाकले. आम्ही सगळे त्यांच्या मागे वाकलो. चारही सेन्सरवर ओल्या हळद-कुंकवाचे जाडजूड थर होते आणि वर अक्षता.

"मावशी, हे काय?"

"कंपनीनं कुंकू लावायला चार जागा करून दिल्या न," आई म्हणाली. "तिथंच लावलं. दसऱ्यालाही तिथंच. इकडंतिकडं डाग कशाला? काहून, चुकलं काय माझं?"

मनोहररावांनी रुमाल काढून चारही गोल पुसले. गाडी गप्प झाली.

"नाही मावशी. तुम्ही निदान काही उघडलं तर नाही." मग डिक्की उघडून लोंबतं अस्तर पाहिलं आणि माझ्यापुढे तळहात पसरून ते म्हणाले, "क्लिपा."

मी दिल्या.

यंदाच्या दसऱ्याला आईने पाटावर विळी, कात्री, शिलाई मशीनचा पाना असं सगळं मांडलं. मीही माझा मल्टिमीटर नेऊन ठेवला. आईने तो उचलून मला परत दिला.

"इथं कामाची हत्यारं ठेवतात, शरद."