लॅपटॉपच्या पोटातले फोटो

ती बाई आणि तिची मुलगी आजही डोळ्यांसमोरून हलत नाहीत. मी तेव्हा कर्जत-खालापूर पट्ट्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. दसरा नुकताच झाला होता. सकाळची हजेरी आटोपून मी टपाल बघत होतो, तेवढ्यात ठाणे अंमलदार आत येऊन म्हणाला, "साहेब, एक बाई आलीय. भूत फोटो काढतंय म्हणते. समजावून परत पाठवू का?"

"तुझ्या घरात भूत शिरलं तर तू कुठं जाशील रे? पाठव आत."

बाई चाळिशी ओलांडलेली, विधवा. पळसदरीकडच्या एका गावात राहायची आणि कुंभिवलीच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये कामाला जायची. सोबत कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असलेली मुलगी आणि मयत नवऱ्याचा चुलत भाऊ, म्हणजे बाईचा दीर. मुलीनं ओढणी गळ्याभोवती घट्ट आवळली होती आणि एवढी मोठी पोर आईचा पदर सोडत नव्हती.

बाईनं फोन पुढं केला. अनोळखी नंबरवरून फोटो येत होते, सगळे तिच्याच घरातले. मुलगी अभ्यास करतेय, आई भाकरी थापतेय, दोघी जेवतायत. एक फोटो बघून मी फोन पालथा ठेवला. पोर कपडे बदलत होती. फोटोंखाली एकच ओळ: 'घर सोडा.'

"दार आतून लावलेलं असतं सायब," बाई म्हणाली. "कौलं बगितली, माळा बगितला, खाटंखाली बगितलं. कोन नाय. मंग फोटू कोन काढतंय? आनि ह्ये बगा, रगात."

खरंच, नंतरच्या सगळ्या फोटोंत वरच्या कोपऱ्यात लालसर डाग पसरलेला होता. आधीच्या फोटोंत तो नव्हता. गावातल्या भगतानं सांगून टाकलं होतं की घरात तिसरं कुणीतरी आहे आणि डाग वाढत जाईल तसं ते पोरीच्या जवळ येईल. मुलगी जेवत नव्हती. कॉलेज सुटलं होतं. आई कामाला गेली की ही एकटी ओट्यावर, उन्हात बसून राहायची. घरात पाऊल टाकायची हिंमत नव्हती तिची.

"वहिनी, मी म्हन्तो सोडा ना घर," दीर मधेच बोलला. "पोरीच्या जिवापरीस मोठं हाय का?"

मी रीतसर गुन्हा नोंदवून घेतला. नंबरचे तपशील मागवले. सिमकार्ड भलत्याच माणसाच्या नावावर निघालं आणि तो माणूस कधीच परराज्यात गेलेला. फोनचं ठिकाण दाखवत होतं कुंभिवलीजवळचा हायवे. आता तिथं रोज किती कामगार, किती ड्रायव्हर येतात-जातात! गवताच्या गंजीत सुई शोधायची कशी?

मी स्वतः दुपारी घरी गेलो. पुढं पडवी, मधे एकच मोठी खोली, मागं शेत आणि शेताला लागून धरणाकडं जाणारा रस्ता. शनिवार-रविवारी मुंबईची गर्दी याच रस्त्यानं जाते. जागेला सोन्याचा भाव असणार, हे सांगायला पोलीस लागत नाही. भिंती ठोकून पाहिल्या, बल्बचे होल्डर उघडून पाहिले. कॅमेरा नाही. खरं सांगतो, त्या खोलीत उभं राहिल्यावर माझ्याही अंगावर काटा आला. आपल्याला कुणीतरी बघतंय असं सारखं वाटत होतं. माझ्याबरोबरचा हवालदार तर 'पाणी पिऊन येतो' म्हणून गेला तो पडवीतच बसला. बेट्याला तहान बरोबर वेळेवर लागते.

त्याच आठवड्यात खबर मिळाली. खालापूरच्या स्टँडसमोर चहाची टपरी आहे. तिथला माझा माणूस म्हणाला, "सायब, एक एजंट गिऱ्हाइकं फिरवतोय. त्या बाईची जागा दिवाळीपत्तुर मोकळी व्हनार हाय, असं छाती ठोकून सांगतोय."

बाईनं तर जागा विकायचा विषयही काढला नव्हता. मग एजंटाला हे कोण सांगतंय? मी पुन्हा फोटो मागवले आणि टेबलावर पत्त्यांसारखे मांडले. सगळे एकाच उंचीवरून, एकाच कोनातून काढलेले. डाग मात्र दसऱ्यानंतरच्याच फोटोंत. आणि मला आमचंच ठाणं आठवलं. दसऱ्याला आम्ही शस्त्रपूजा करतो. बंदुका, बेड्या, जीप आणि हल्ली कॉम्प्युटरही. त्या वर्षी अंमलदारानं भक्तिभावानं कुंकवाचं बोट नेमकं कॅमेऱ्याला लावलं होतं. अधीक्षक साहेबांनी व्हिडिओ मीटिंगमध्ये आमचा लाल पडदा बघून विचारलं, "तुमच्याकडं आग लागलीय का हो?"

मी गाडी काढायला सांगितली.

"दसऱ्याला कशाकशाची पूजा केलीत?" घरात पाऊल टाकताच मी विचारलं.

"कोयता, इळा, पोरीची पुस्तकं..." बाई आठवू लागली. "आनि तिचा लॅपटॉप."

लॅपटॉप टेबलावर उघडाच होता. घरातलं पहिलंच यंत्र, म्हणून त्याच्याखाली क्रोशाचा रुमाल, कडेला झेंडूची वाळकी फुलं. आणि पडद्याच्या वरच्या काठावर, कॅमेऱ्याच्या अर्ध्या भागावर, सुकलेलं हळदकुंकू. पूजेचं पुसायचं नसतं, म्हणून कुणी पुसलं नव्हतं.

मुलीनं तिकडं पाहिलं आणि मागं सरकली. "आई, तिथला बारका दिवा लागायचा. मला वाटायचं चार्जिंगचा हाय."

दोन पंच बोलावून पंचनामा केला, लॅपटॉप सीलबंद करून ताब्यात घेतला. मशीन कुणी आणून दिलं, हे विचारल्यावर बाई म्हणाली, "भावजींनी. शिक्कान का काय म्हन्तात, तसला, आदी कुनीतरी वापरलेला. त्यांनीच चालू करून दिला. लई मदत करतात हो."

जिल्ह्याच्या सायबर ठाण्यातल्या उपनिरीक्षक मॅडमनी मूळ डिस्कला हात न लावता आधी तिची हुबेहूब प्रत काढली आणि त्या प्रतीवर काम सुरू केलं. डेस्कटॉप साफ. डॉक्युमेंट्समध्ये कॉलेजच्या नोट्स, डाउनलोडमध्ये चार गाणी. माझा चेहरा पडला. मॅडम हसल्या.

"सर, हे दुकानाच्या काचेतलं झालं. कोठी मागं असते." त्यांनी सी ड्राइव्ह उघडला, त्यात 'युजर्स' नावाचं फोल्डर. "मशीन वापरणाऱ्या प्रत्येकाच्या नावाचं इथं एक घर असतं. त्याच्या आत 'ॲपडेटा' नावाचं आणखी एक असतं. ते एरवी दिसत नाही, 'हिडन आयटम्स'वर टिचकी मारावी लागते. प्रोग्रॅम आपलं सामान तिथं ठेवतात. डेस्कटॉपवरचं चित्र उडवलं म्हणून सामान जात नाही."

युजर्समध्ये दोन घरं होती. एक मुलीच्या नावाचं, दुसरं दिराच्या. आणि मुलीच्या ॲपडेटामध्ये एका विचित्र नावाच्या फोल्डरात फोटोच फोटो. बाईला आलेले होते त्याच्या कितीतरी पट. मॅडमचं हसू मावळलं. त्याच फोल्डरात प्रोग्रॅमच्या सेटिंगची फाइल होती आणि फोटो ज्या ईमेलवर जात होते तो पत्ताही.

दिराला चौकशीला बोलावलं. गडी निवांत. मी काही विचारायच्या आतच म्हणाला, "लॅपटॉप नेला म्हनं तुमी. त्यात काय नाय सायब, मीच मागं बगितला, समदा साफ हाय."

मी आवाज चढवला नाही. चहा मागवला, भातकापणीचं विचारलं. मग बाईला आलेल्या फोटोंचे प्रिंट एकेक करून पुढं ठेवले. तो मान हलवत राहिला. "काय लोकं असतात सायब, लाज कशी नाय वाटत!" मधेच मी एक वेगळा प्रिंट सरकवला. त्यात माय-लेकी एकमेकींना बिलगून रडत होत्या. तो कधीच पाठवलेला नव्हता, फक्त त्या लपलेल्या फोल्डरात होता.

त्याची मान हलायची थांबली. "ह्यो कुटनं आला? ह्यो तर पाठवलाच नव्हता..."

अंमलदारानं ते वाक्य तसंच्या तसं लिहून घेतलं. दिराला कळलं आपण काय बोललो ते. "मी काडून टाकलं व्हतं सायब," तो पुटपुटला. "आयकॉन डिलिट केला व्हता मी."

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, हे मला ठाऊक होतं. पण ईमेल त्याचा निघाला, दुसऱ्या नावाचं सिम त्याच्याच दुचाकीच्या डिकीत सापडलं आणि एजंटानं जबाब दिला. वहिनी घाबरून गाव सोडेल, मग जागा आपल्याच हातून विकली जाईल आणि मधला पैसा आपल्याला सुटेल, एवढाच त्याचा हिशोब. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणतात ते हे. ज्या माणसाचा हात धरून ती ठाण्यात आली, तोच!

बाईला सांगितलं तेव्हा ती रडली नाही. म्हणाली, "म्हंजी भूत नव्हतं?" आणि पुन्हा, "म्हंजी आमचंच मानूस व्हतं?" भूत असतं तर तिला सोसलं असतं, असं मला तेव्हा वाटलं.

आरोपपत्र दाखल झालं. कागदोपत्री गुन्हा उघडकीस आला. पुढं बरेच महिन्यांनी साक्षीची तारीख सांगायला मी त्या घरी गेलो. बाईनं चहा दिला. घर सोडलं नव्हतं. पोरगी पुन्हा कॉलेजला जात होती. मला बरं वाटलं आणि मी ते बोलूनही दाखवलं.

लपलेलं फोल्डर कुठं असतं, हे आता मी कुणालाही सांगू शकतो. अनोळखी माणसाला दारात उभं न करणारे आपण, घरच्या माणसाच्या हाती सगळं घर उघडून देतो, हेही त्या प्रकरणानं शिकवलं. पण भीती माणसाच्या कुठल्या कोठीत जाऊन बसते आणि तिथून ती काढायची कशी, हे मला कुणी शिकवलं नाही.

निघताना बाई दारापर्यंत आली आणि हळू आवाजात म्हणाली, "सायब, घर तर वाचलं. पन पोर अजून दिवा बंद केल्याबिगर कापडं बदलत नाय."