लॉगबुकातलं शून्य

चाकूच हातात द्यायचा नाही, आणि वर म्हणायचं हिला कापता येत नाही! याला काय म्हणावं? करिष्माला सर्जरी शिकता शिकता तीन वर्षं होत आली, पण अजून एक साधं अपेंडिक्स तिनं स्वतः काढलं नव्हतं.

कोराडीच्या पॉवर हाऊसमध्ये कोळशावर राबणाऱ्या प्रेमानंदची ही पोरगी, राखीव जागेवर आलेली. मेडिकल कॉलेजात तिच्या सर्जरी युनिटचे प्रमुख कृष्णकांत सर. त्यांच्याकडे रिवाज असा, की पहिलं ऑपरेशन ज्यानं स्वतः केलं त्यानं सगळ्यांना पेढे खाऊ घालायचे. तिच्या मागून आलेल्या उन्मेषनं दुसऱ्याच महिन्यात पेढे वाटले. करिष्मा मात्र जखम ताणून धरायचा हूक धरून उभी. चाकू मागितला की सर हसून म्हणायचे, "कोट्यातल्यांचे हात जरा जडच असतात." बाकीचे खी खी करायचे. मेल्यांनो, चाकू दिल्याशिवाय जड की हलका, हे कळलं कसं तुम्हाला?

घरी माय विचारायची, "काहून वं पोरी, तुह्ये पेढे कधी?" करिष्मा ताटावरून उठून जायची.

मग परीक्षेचा फॉर्म आला. त्याला लॉगबुक जोडावं लागतं. कोणती ऑपरेशनं स्वतः केली, कोणत्यात नुसती मदत केली, त्याची वही. खाली सरांची सही. सही नाही तर परीक्षा नाही. सर म्हणाले, "स्वतः केलेली वीस लिहून टाक. बघायला कोण येतंय?" उपकारच केले जसे!

तिनं दोन दिवस वही उघडली नाही. शेवटच्या तारखेला लिहिलं: मदत केली, दोनशे चौदा. स्वतः केली, शून्य.

सर लालबुंद झाले. "वेड लागलंय का? हे पाहून मलाच विचारतील!"

"विचारू द्या."

"सही करणार नाही मी. वर्ष जाईल तुझं."

सरांपुढे एवढी वर्षं जपून, शुद्ध बोलणाऱ्या करिष्माच्या तोंडून घरचीच बोली सुटली. "जाऊ द्या ना! वीस लिहून मी पास होईन. मंग उद्या गडचिरोलीत एखाद्या बाईचं पोट मले उघडा लागन, तवा तुमची सही चाकू धरन काय?"

सरांनी वही टेबलावर आपटली. तिनं ती उचलली, तडक डीनच्या ऑफिसात नेली आणि पोच मागितली.

कारकून म्हणाला, "मॅडम, सही राहिली."

"राहिली नाही. दिली नाही. तसंच लिहा तुमच्या रजिस्टरात."

त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा वहीतल्या शून्याकडे, आणि लिहिलं.