रफिकभाईंची पिशवी

"माह्यं घ्या ना साहेब. बाही वर करूनच आलो मी."

"तुमचं चालत नाही, रफिकभाई."

"काहून चालत नाही? तीच नस हाय. तुमीच तर घेतलं होतं."

अडचण तीच होती. एकदा रक्त दिलेल्या पुरुषाचं तीन महिने पुन्हा घेत नाहीत आणि रफिकभाईंना रक्त देऊन दोन महिनेही झाले नव्हते. तरी मी आमच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी रफिकभाईंच्या बोटाला टोचून पाहिलं. हिमोग्लोबिन अजून भरलेलं नव्हतं. त्यांच्याबरोबर रक्त दिलेल्या त्यांच्या दोन्ही भावांचंही तेच.

रफिकभाईंची मुलगी रुखसार आमच्या रक्तपेढीजवळच्याच दवाखान्यात टेबलावर होती. बाळंत झाली आणि रक्त थांबेना. ग्रुप ओ निगेटिव्ह. हा ग्रुप शंभरात एखाद-दोघांचा, आणि अशा माणसाला दुसऱ्या ग्रुपचं रक्त चालत नाही. आमच्या फ्रीजमध्ये त्या ग्रुपचा कप्पा रिकामा होता.

मी या रक्तपेढीचा पीआरओ. नाव भारी आहे. काम म्हणजे गावोगाव फिरून लोकांना रक्त द्यायला तयार करणं. रफिकभाईंच्या मंगरूळपीरच्या मोहल्ल्यात मला वर्षभर कुणी दाद दिली नव्हती. "आमचं रक्त नेता, अन् आमच्या मानसाले लागलं का म्हनता डोनर आना," असं तोंडावर ऐकवायचे. खोटं नव्हतं ते. रफिकभाईंचं तिथे गाद्यांचं दुकान. गेलो की त्यांच्या कापसात बसायचो, चहा प्यायचो, शिबिराचं नाव काढायचो नाही. ईदला शीरखुर्मा खाल्ला. त्यांच्या आईच्या मयतीला गेलो. शेवटी एक दिवस तेच म्हणाले, "लावा साहेब तुमचा कॅम्प. मानसं मी आनतो."

मी हरखून गेलो. पण हातचं राखून काम करायचं ठरवलं. डायरेक्टरांना म्हणालो, "सर, निगेटिव्हवाल्यांचं आत्ता नको घेऊ या. फोन नंबर ठेवू, गरज पडली की बोलावू. पिशवी पाच आठवडेच टिकते."

"बावणे, लोक स्वतःहून देऊन राह्यले अन् तुम्ही नाही म्हणता? येईल तेवढं घ्या. पाहुणे येऊन राह्यले, रांग दिसली पाहिजे."

रांग दिसली. पार रस्त्यापर्यंत गेली होती. ग्रुप तपासला तर रफिकभाई आणि त्यांचे दोन भाऊ, तिघंही ओ निगेटिव्ह. डायरेक्टर पाहुण्यांत गुंतले होते. मी तिघांना बाजूला घेऊन म्हणालो, "तुम्ही आज नका देऊ. लागेल तेव्हा बोलावतो."

रफिकभाईंचा चेहरा उतरला. "काहून साहेब? साऱ्याइचं चालते, आमचंच चालत नाही? ज्याइले आनलं थे मानसं पाहून राह्यली."

माणसं खरंच पाहत होती. मागे दोघं-तिघं रांग सोडून निघालेही. मी समजावायला लागलो, पण नियमाचं बोलणं तिथे कुणाच्या कानात शिरणार होतं? वर्षभराचं जाणं-येणं डोळ्यांदेखत पाण्यात जाताना दिसलं आणि मी म्हणालो, "या, झोपा कॉटवर." तिघांचं घेतलं. रफिकभाईंनी हसत मुठीत चेंडू दाबला, एक फोटोही काढून घेतला.

पुढच्या पाच आठवड्यांत त्या ग्रुपचा एकही पेशंट आला नाही, आणि बाकीच्यांना त्यांच्या-त्यांच्या ग्रुपचं रक्त मिळत होतं. मुदत संपलेलं रक्त कुणालाही देता येत नाही.

आता काउंटरवर तेच रफिकभाई होते. एकदम काही आठवल्यासारखे म्हणाले, "मंग माह्यं तेच द्या ना वापस! ठेवलं असंन ना तुमी?"

"नाही, रफिकभाई. मुदत संपली होती. मागच्या आठवड्यात नष्ट केलं."

"फेकलं?"

मी हो म्हणालो. त्यांनी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

या ग्रुपचे आमचे नेहमीचे दोन डोनर. एक पुण्याला गेलेला, दुसऱ्याला ताप. अकोल्याला दोन पिशव्या मिळाल्या. गाडी तिथून निघाली, पण रस्ता दोन तासांचा. रफिकभाई बाकावर बसून राहिले. बाही अजून वरच होती. ती खाली करा म्हणायचीही मला हिंमत झाली नाही.

पिशव्या आल्या. मी त्या घेऊन दवाखान्यात पळालो. दारातच डॉक्टरांनी मान हलवली. बाळ तेवढं वाचलं.

आता आमच्याकडे नियम आहे, निगेटिव्ह ग्रुपचं रक्त गरजेशिवाय घ्यायचं नाही. डायरेक्टरांनी तो छापून भिंतीवर लावला. मोहल्ल्यात मात्र तो सांगायची सोय राहिली नाही. मी दिसलो की लोक नमस्कार करतात आणि आत जातात. मोहल्ल्याचा विश्वास ही मी फार धडपडून मिळवलेली एकच गोष्ट होती, आणि ती मला परत मिळणार नाही.

मध्यंतरी रफिकभाईंचा फोन आला. मागे बाळ रडत होतं.

"साहेब, तीन महिने झाले आज. आता चालते ना माह्यं?"

मी "चालतं" म्हणालो. त्यांनी फोन ठेवला. तीन महिन्यांच्या नियमाप्रमाणे माझं उत्तर बरोबर होतं.