चालवताना सांगायचा पर्याय

"का पायजे?" चष्मा कपाळावर चढवून सर विचारायचे, आणि माझा सकाळचा उत्साह तिथंच बसायचा. असा एक माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. कामाला पक्का, पण नवं काही आत येऊ न देणारा.

उचगावजवळच्या आमच्या छोट्या कंपनीत दूध थंड करणाऱ्या यंत्रांची माहितीपुस्तकं बनायची. पुस्तक बनवणाऱ्या सॉफ्टवेअरला सरांनी स्वतः एक एक्स्टेन्शन, म्हणजे जोडप्रोग्राम, लिहिलं होतं. ग्राहकाचं पुस्तक वेगळं, मेकॅनिकचं वेगळं. पण कुठलं हवं ते कोडमध्येच पक्कं केलेलं. दर वेळी ती ओळ बदलायची, काम झालं की पुन्हा होती तशी करायची. मी वैतागले. प्रोग्राम चालवतानाच 'ग्राहक' की 'मेकॅनिक' एवढं सांगता यावं, असा पर्याय लिहून मी त्यांच्याकडं मंजुरीला पाठवला.

"बघितलंत का सर?"

"बघितलं की. आन् कुणी सांगायचं इसरलं तर?"

मी त्याची सोय केली.

"चुकीचं नाव टाकलं तर?"

तीही केली. मग त्यांना पर्यायाचं नावच आवडेना. दोन आठवडे नावावरून वाद!

अशात एकदा ती ओळ परत बदलायची सरच विसरले. कुरुंदवाडच्या डेअरीत ग्राहकाच्या पुस्तकाऐवजी मेकॅनिकचं पुस्तक गेलं, यंत्राचं सुरक्षा-कुलूप कसं काढायचं त्यासकट. भर उन्हात स्कूटरवर जाऊन सरांनी ते स्वतः बदलून दिलं. मला वाटलं, आता तरी ऐकतील.

दुसऱ्या दिवशी माझ्यापुढं चहा ठेवत म्हणाले, "चूक माजी हुती. प्रोग्रामची न्हाय."

"अहो सर, माणूस चुकतो म्हणूनच तर पर्याय हवा!" सगळं ऑफिस वळून बघायला लागलं.

सरांनी चष्मा खाली घेतला, डोळे चोळत माझा कोड पहिल्यापासून ओळीनं वाचला. "टेस्ट कुठं हाय?"

मी रागारागानं टेस्ट, म्हणजे कोड तपासणारे छोटे प्रोग्राम, लिहिल्या. त्या होईपर्यंत सरांच्या डोळ्यांचा त्रास वाढला आणि त्यांनी काम सोडलं. मंजुरीचा अधिकार माझ्याकडं आला.

मी फोन केला. "सर, एकदा हो म्हणा की."

"आता नीट दिसत न्हाय गं. तूच बघ."

माझ्याच कोडला मी मंजुरी दिली. पर्याय पहिल्याच फटक्यात चालला. "का पायजे?" असं कुणी विचारलं नाही. तरी मी तो कोड पुन्हा पहिल्यापासून ओळीनं वाचायला घेतला.