टिटवीच्या अंड्यांवर घमेलं

आमच्या सासूबाई सारजाबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. सापाला भ्यायच्या नाहीत, पण तीन पायांचं यंत्र दिसलं की त्यांचं रक्त आटायचं. त्या नव्या नवरी होत्या तेव्हा असलीच यंत्रं घेऊन मोजणीची माणसं आली, आत्याबाईंच्याच हातची भाकर खाऊन गेली आणि मागून धरण आलं. गाव पाण्याखाली गेलं. आता उन्हाळ्यात पैठणच्या त्या धरणाचं पाणी हटलं की उघड्या पडलेल्या गाळात आम्ही टरबूज लावतो. त्याच्यावरच आमचं घर चालतं.

त्या चैत्रात सकाळीच एक माणूस काठावर तसलंच तीन पायांचं यंत्र रोवून उभा. आत्याबाई दगड घेऊनच पुढं झाल्या.

"कोन रे तू?"

"काकासाहेब. चिकलठाण्याला कंपनीत असतो. पक्षी बघायला आलोय, मावशी."

"का? चिकलठाण्यातले कावळे मेले व्हय?"

मला हसू आलं, पण त्यांचं तोंड बघून गिळलं. काठ पक्ष्यांसाठी राखीव, इथलं पेरणं बंद होणार, अशी आवई उठली होतीच. त्यात आमच्या टरबुजात टिटवीनं अंडी घातलेली. टिटवी बसली की तेवढा तुकडा खुरपायचा नाही, ही आत्याबाईंचीच शिस्त. "ह्यानं अंडी पाह्यली की रान गेलंच म्हन," असं पुटपुटत त्यांनी लोखंडी घमेलं अंड्यांवर पालथं घातलं.

ऊन चढलं. माणूस काही हलेना. टिटवी अंडी गार ठेवायला पाण्यात पोट भिजवून यायची, घमेल्याभोवती फिरायची, ओरडून जीव नकोसा करायची. मी म्हटलं, "आत्याबाई, अंडी शिजतील की!" तर माझ्यावरच खेकसल्या, "रान गेल्यावर काय खाशील, माती?" पण त्यांचंही खुरपं चालेना. शेवटी तरातरा गेल्या, तापलेलं घमेलं पदरानं उचललं आणि ओरडल्या, "घे, लिही काय लिहायचं ते!"

"अंडी मी सकाळीच पाहिली," तो लांबूनच म्हणाला. "म्हणून तर तिकडं आलो नाही. आता तुम्ही बाजूला या, म्हणजे ती बसेल."

"मुडद्या, मग मघाशी सांगाया काय झालतं?"

"तुमच्या हातात दगड होता, मावशी."

आम्ही त्याच्यापाशी जाऊन थांबलो. आत्याबाईंना लांबचं दिसेना. त्यानं ते दुर्बिणीचं यंत्र अंड्यांकडं वळवलं आणि बाजूला झाला. उभ्या जन्मात ज्याला शिवल्या नव्हत्या, त्याला त्यांनी डोळा लावला.

"बसली गं बाई," म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला.

मग डोळा न काढताच विचारलं, "आता खरं सांग. मोजनी कधी हाय?"