भित्री आत्ती

आत्तीइतकं भित्रं माणूस मी दुसरं पाहिलं नाही, आणि मी स्वतः काही कमी भित्री नाही. ती विहिरीला भ्यायची, वाऱ्याला भ्यायची, घुबडाला, डॉक्टरच्या सुईला, रेडिओवरच्या बातम्यांना आणि भर दुपारी चिंचेखालून एकटीनं जायलाही भ्यायची. म्हशीच्या मागून कधी जायची नाही, आणि ती म्हैस तिनंच पारडापासून वाढवलेली! भिण्याचं नवल नाही, आपण सगळेच भितो. नवल हे की आत्तीला त्याची काडीची लाज नव्हती. "म्या लय भित्री हाय बाई," असं ती नव्या माणसाला पहिल्या भेटीतच सांगून टाकायची. आपण नाव-गाव सांगतो ना, तसं.

शिराळ्याच्या पुढे वारणेच्या अंगाला तिचा मळा होता. आम्ही तिथं गेलो ते हवापालटासाठी. माझी बेबी तीन वर्षांची असताना डांग्या खोकल्यानं पार वाळून गेली होती. सांगलीतले आमचे डॉक्टर म्हणाले, "महाबळेश्वर-बिहाबळेश्वर काही नको. मळ्यावर जा, धारोष्ण दूध पाजा, उन्हात हुंदडू द्या." आत्तीचे यजमान फौजेत सुभेदार, आणि डॉक्टर त्यांचे शाळासोबती. त्यामुळे दर थंडीत डॉक्टरांचं कुणी ना कुणी दुखणेकरी आत्तीकडं हवा खायला जाऊन राही. आम्ही लागोपाठ तीन हिवाळे गेलो. हे सोडायला यायचे, दर रविवारी एसटीनं येऊन बघून जायचे, बाकी महिनाभर मी आणि बेबी.

राहायचं ते तंबूत. सुभेदारांनी एका रजेत फौजेतला जुना तंबू आणून आंब्याखाली ठोकला होता. हवा खायला आलेल्याला भिंती कशाला, असं त्यांचं म्हणणं. आत्तीला तो तंबू बिलकूल मान्य नव्हता. "कापडाची भित म्हंजी काय भित व्हय? कुत्र्यानं नाक लावलं तरी आत येतंय," म्हणायची. म्हणून दिवस मावळायच्या आत ती चुलीतली राख घेऊन यायची आणि तंबूभोवती वीतभर रुंद रिंगण घालायची. राखेनं काही अडतं अशी तिची समजूत नव्हती. सकाळी उठून ती त्या राखेवरच्या खुणा वाचायची. "ह्यो बेडूक. हे मुंगूस, आलं आन् माघारी गेलं. आन् ह्यो..." मग ती पायानं राख मोडून टाकायची. तो कोण होता हे तिनं मला एकदाही सांगितलं नाही. तेवढ्यानं मला दिवसभर भीती वाटत राही.

पण मी ते दाखवत नसे. मी मॅट्रिक झालेली, शहरातली. मळ्यावरच्या बायकांसमोर भ्यायचं म्हणजे काय! पाल अंगावर पडली तरी मी ओठ चावून हसायची. आत्ती माझ्याकडं निरखून बघायची आणि म्हणायची, "भ्याला लाजू नये पोरी. लाजलं की माणूस बघून न बघितल्यावानी करतंय, आन् मग पाय नेमका जनावरावर पडतोय."

ती स्वतः कुठंही जायची ती हातात काठी घेऊन, काठी आपटत आणि बोलत. कडब्याची गंज असो, शेणीचा ढीग असो, नुसतं पाण्याचं घंगाळ असो, आधी काठी वाजवायची आणि मग, "आली बघ म्या. सर बाजूला." साप, विंचू, उंदीर, जे कोण असेल त्याला ही वर्दी. मळ्यावरची माणसं हसायची. तिचे दीर तात्या, सहा फुटी गडी, तोंडावर म्हणायचे, "वैनी, तुमी उंदराला बी सांगून सवरून घरात जाताय!" आत्ती म्हणायची, "जातेय. त्येचं बी घर हाय, त्यो बी भेतोय." बेबीला हा प्रकार भलताच आवडला. तिनं एक काटकी धरली आणि दोघी मळाभर वर्दी देत हिंडायला लागल्या.

पोस्टमनला मात्र ती जनावरापेक्षा जास्त भ्यायची. एकाहत्तरच्या लढाईत दोन महिने सुभेदारांचं पत्र आलं नव्हतं, तेव्हापासूनची ही भीती. पोस्टमननं बांधावरच थांबायचं, पत्र तिथंच फोडून वाचायचं आणि खुशाली असली तरच हाळी द्यायची, असा तिचा नियम. तोही बिचारा पाळायचा. तो बांधावर दिसला की आत्ती खांबाला धरून, डोळे मिटून उभी राहायची. "खुशाली हाय गं आत्ते!" ऐकू आलं की मटकन खाली बसायची.

"आणि खुशाली नसली तर?" मी एकदा विचारलं.

"तर त्येनं गुमान माघारी जायाचं. आमचं ठरलंय तसं. म्हंजी तेवढा दिस तरी बरा जाईल." मला तेव्हा हसू आलं होतं.

तिसऱ्या वर्षी आम्ही गेलो तेव्हा ऊसतोड सुरू होती. जतकडची टोळी आली होती. ऊस कडेकडेनं तुटत येतो तशी फडातली सगळी जनावरं आत आत सरकत जातात, आणि शेवटी जो तुकडा राहतो त्यात ससे, कोल्ही, साप, सगळी दाटीनं कोंडलेली असतात. त्या शेवटच्या तुकड्याची शिकार करायची तिकडं रीतच होती. आसपासच्या वस्त्यांवरची माणसं काठ्या, कुत्री, पत्र्याचे डबे घेऊन येतात, चारी बाजूंनी गराडा घालतात आणि डबे बडवून हाकारा करतात. जे बाहेर निघेल ते कुत्र्यांचं आणि काठ्यांचं. यंदा तर तोडकऱ्यांनी सरीत रानडुकराची पावलं बघितली होती, त्यामुळे गडी जास्तच खुशीत होते. सकाळी न्याहारीला तात्या ते रंगवून सांगत होते. बेबीनं विचारलं, "सशाची पिल्लं पण मारणार?" तात्या हसून म्हणाले, "व्हय तर! कालवण करू की." बेबी न्याहारी तशीच टाकून उठली.

दहा-साडेदहाचा सुमार असेल. मी तंबूपुढं तांदूळ निवडत होते. समोर लग्नाच्या मांडवाएवढा ऊस उरला होता आणि भोवती माणसं जमत होती. बेबी आत्तीबरोबर असेल अशा समजुतीत मी होते. तेवढ्यात आत्ती तोडकऱ्यांसाठी ताकाची घागर घेऊन खोपटातून बाहेर आली. एकटीच.

आता इथं मी काय केलं ते सांगते. मी ओरडले नाही. सूप खाली ठेवलं, तंबूत डोकावले, गोठ्यात बघितलं, विहिरीपाशी जाऊन वाकून बघितलं. आणि हे सगळं करताना मी पदर नीट करत, सावकाश, सहज फेरी मारायला निघाल्यासारखी चालत होते. समोर तीस-चाळीस परके बाप्ये उभे होते. सांगलीची बाई पोर दिसेना म्हणून भेदरली असं उद्या वस्त्यावस्त्यांवर बोलतील, ही मला लाज. त्या लाजेपायी किती वेळ गेला कुणास ठाऊक.

आत्तीनं मला विहिरीकडून येताना बघितलं. "पोर कुठं हाय?"

"असेल इथंच कुठंतरी," मी म्हटलं. माझा आवाज अगदी साधा होता.

आत्तीनं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि तिच्या हातातली घागर सुटली. मग ती जी किंचाळली तशी किंकाळी मी पुन्हा कधी ऐकली नाही. "वैनीला उंदीर दिसला जणू!" तात्या म्हणाले, आणि गडी खोखो हसले. एकानं हाकाऱ्यासाठी डबा उचललाही होता. आत्ती अनवाणी धावत गेली, तिनं तो डबा हिसकावला आणि बांधाकडं बोट केलं. उसाच्या कडेला बेबीची एक चप्पल पडली होती. मी त्याच बाजूनं आले होते, पण बघायचं धाडस नसलेल्या डोळ्यांना ती दिसली नव्हती.

हसणं थांबलं. चार-पाच गडी एकदम "बेबी, ए बेबी" करत उसात शिरायला धावले. आत्ती त्यांच्या आडवी झाली. "थांबा रं मुडद्यांनो! चौकडनं शिरला तर आतलं जनावर मधी पोरीवर जाईल. कुत्री बांधा. कोयतं खाली टाका. एकानं बी तोंडातनं आवाज काढू नगा." तिनं डोंगराकडं हात केला. "आन् डोंगराकडची बाजू मोकळी सोडा. भ्यालेल्याला पळाया वाट ठेवावी."

तीस-चाळीस गडी गुमान डोंगराची बाजू सोडून अलीकडं आले. तात्या पुढं झाले. "वैनी, तुमी नगा. म्या जातो."

"तुला भ्या न्हाई. तू धसाधसा जाशील," आत्ती म्हणाली. तिनं पदर खोचला, गुडघ्यांवर बसली आणि एक सरी धरून रांगत उसात दिसेनाशी झाली.

मी आई. मी जायला हवं होतं. माझे पाय जमिनीतून सुटत नव्हते. आतून आत्तीचा आवाज येत होता, थंडीताप भरलेल्या माणसासारखा हिवभरला आवाज: "आली बघ म्या. सर बाजूला. माजं पोर हाय तेवढं घिती आन् जाती. तुला काय करत न्हाई. तू बी काय करू नगं." मग तो आवाजही थांबला. एकदम पाचट करकरलं, ऊस हलला, आणि डोंगराच्या अंगाला एक काळं धूड बाहेर पडून धुरळा उडवत गेलं. त्यामागं दोन कोल्ही. बांधलेली कुत्री दोऱ्या तोडायला बघत होती, पण माणूस एक हलला नाही. मी देवाचं नाव घ्यायचा प्रयत्न केला, तर एकाही देवाचं नाव आठवेना.

आणि मग आतून बेबीचा आवाज आला, चांगला कुरकुरता: "आत्ती, हळू ना, पिल्लू दबतंय."

आत्ती बाहेर आली ती बेबीला पोटाशी धरून. बेबीच्या फ्रॉकच्या ओच्यात सशाची दोन पिल्लं होती. आत्तीचं तोंड, मान, दंड उसाच्या पात्यांनी कापून लाल झालेले. तिनं बेबीला माझ्या अंगावर टाकलं आणि तिथंच ढेकळात बसली. लुगडं ओलं झालं होतं. सगळ्यांना ते दिसलं. तिनंच वर बघून सांगितलं, "भ्यानं मुतले म्या. हसा आता." कुणी हसलं नाही. तात्यांनी डोक्याचा पटका सोडला आणि तिच्या मांडीवर पांघरला. तो तुकडा त्या दिवशी हाकाऱ्याशिवाय तोडला.

दोन दिवसांनी आम्ही निघालो. आत्ती एसटीच्या रस्त्यापर्यंत आली होती. मला राहवेना. मी सगळं सांगितलं: मला आधीच कळलं होतं, मी लाजले, मी उगाच फेऱ्या मारत राहिले, तेवढ्या वेळात काहीही झालं असतं. सांगताना मला रडू फुटलं.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "तुज्या तोंडावर लिवलं हुतं." मग बराच वेळ काठीनं धुळीत रेघा ओढत राहिली. "आता फुडल्या वर्षी येऊ नगा."

मला वाटलं, रागावली. तसं मी बोललेही.

"राग न्हाई गं. पण ह्ये पोर आता माज्या भ्यात येऊन बसलंय. सुभेदार हायती, म्हस हाय, शिराळ्याला शिकाया ठिवलेली दोन पोरं हायती. ह्येंच्यासाठनं भेता भेता माजा दिस सरत न्हाई. आनी कुणाला बसवाया जागा न्हाई माज्यात. मुलखाची भित्री म्या." तिनं बेबीच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. एसटी आली. गाडी वळेपर्यंत ती रस्त्यावरच उभी होती. तिनं तंबू त्याच आठवड्यात उतरवून माळ्यावर टाकला, आणि डॉक्टरांना कळवलं की आता कुणाला पाठवू नका.

आम्ही परत गेलो नाही. जायला हवं होतं. ती नको म्हणाली म्हणून जायचं थांबावं असं ते नव्हतं, पण माझं धैर्य झालं नाही.

चार वर्षांनी तात्यांचं कार्ड आलं. आत्ती गेली. काही मोठं दुखणं नाही. दुपारी चूल पेटवताना छातीत कळ आली, आणि सुभेदार पेन्शनीवर घरी आलेले होते, त्यांच्या मांडीवर गेली. निदान त्यांच्यासाठी भ्यायचं तरी तिचं सुटलं होतं. कार्ड आलं तेव्हा दुपारचा एक वाजला होता. मी घरात एकटी होते. दोनदा वाचलं, चपला पायात सरकवल्या आणि घर उघडं टाकून बेबीच्या शाळेत गेले. चौथीच्या वर्गाच्या दारात जाऊन उभी राहिले. बेबी तिसऱ्या बाकावर बसून गणित सोडवत होती. सगळा वर्ग माझ्याकडं वळून बघायला लागला.

बाई लगबगीनं दाराशी आल्या. "काय हो, काही झालंय का?"

"काही नाही," मी मोठ्यानं म्हटलं. "मला भीती वाटली, म्हणून आले."