सहावी बाजू कोणाची?

बिस्किटांच्या कारखान्यात मावशी तीस वर्षं कापणीच्या टेबलावर होत्या. लाटलेल्या पिठावर एक नजर टाकून किती बिस्किटं निघतील ते सांगायच्या, आणि तेवढीच निघायची. षटकोनी साचा कडेला कड भिडवून असा चालवायच्या की टेबलाच्या काठाची झालर सोडली तर चिमूटभर पीठ उरत नसे. उरलेलं पुन्हा लाटलं की बिस्कीट दगड होतं, म्हणून ते फेकावं लागे; आणि फेकताना मावशींचा जीव तुटायचा.

मालक पाच भाऊ. थोरल्याच्या डोक्यात आलं की बिस्किटालाही पाचच बाजू हव्यात. प्रत्येक भावाची एक, सगळ्या अगदी सारख्या, कोपरेही सारखे, नाहीतर घरात महाभारत. वर फर्मान निघालं: शनिवारी कापलेल्या बिस्किटांच्या मध्ये पीठ उरलेलं दिसलं, तर मावशींची रवानगी पॅकिंगमध्ये.

मावशींनी जंग जंग पछाडलं. तीन पाचकोन एका टोकाभोवती मांडले की चिंचोळी फट राही, आणि चौथा तिथे शिरत नसे. खणातले सगळे साचे काढून पाहिले. सारख्या बाजूंच्या आणि सारख्या कोपऱ्यांच्या साच्यांत त्रिकोण, चौकोन आणि षटकोन, एवढेच तीन आपापल्या भाऊबंदांशी गुण्यागोविंदाने नांदले. सातकोनी, आठकोनी लगेच हातघाईवर आले.

मग तज्ज्ञ आले. त्यांनी दोन दिवस मोजमापं घेतली, चहा घेतला आणि लेखी कळवलं की फट पिठात नसून मावशींच्या मनोवृत्तीत आहे.

शनिवारी पाचही भाऊ टेबलाभोवती उभे राहिले. मावशींनी पाचकोन कापले, फटी दाखवल्या. मग जुना साचा चालवला. मध्ये कणभरही पीठ उरलं नाही.

"पाहिलंत ना साहेब? आणखी एक बाजू लावा, सगळं मिटेल."

"सहावी बाजू कोणाची?" धाकट्याने विचारलं.

भाऊ एकमेकांकडे संशयाने पाहू लागले.

"कोणाचीच नको असेल तर माझी धरा," मावशी म्हणाल्या. "तीस वर्षं झाली की मला इथे."

आयुष्यात पहिल्यांदाच पाचही भावांचं एकमत झालं.

सोमवारी मावशी डोळे पुसत पॅकिंगमध्ये गेल्या. तिथे डबेही पाचकोनी झाले होते. खोक्यात भरले की मध्ये फटी राहत आणि डबे खडखडत. त्या फटींत कागदाचे बोळे कोंबायचं काम मावशींना मिळालं. भाऊ पाच आहेत तोवर त्यांच्या नोकरीला मरण नाही.